साडेसातची निवड

माझ्या नटपणाची गोष्ट मुलांना मी नेहमी सांगतो. कॉलेजच्या नाटकात मी शिपाई होतो, वाक्य एकच होतं आणि तेही विसरलो. मुलं पोट धरून हसतात. त्याच्या आधीचं मात्र मी सांगत नाही.

नव्व्याण्णव साल. नाट्यमंडळात नवे सभासद घ्यायचे होते आणि निवडीची सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. वेळ मीच घातली: सकाळी साडेसात, उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही. कारण एवढंच, की वालावलहून येणारी माझी एसटी सव्वासातला पोचायची.

वर्गातली तोंडवलीची एक मुलगी नऊला धापा टाकत आली. तिच्या बापाची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं. ते ओढूनच आली होती. हातावर खवलं तशीच.

"माका पाच मिनटां दी रे. सगळां पाठ आसा."

"वेळ संपली आहे. नियम सर्वांना सारखा आहे."

"असो कित्याक बोलतंस? घराक मालवणीच बोलतंस मां? आणि रापण काय घड्याळ बघून येता?" मग आवाज उतरला. "परीक्षा झाली काय माझा लगीन. ह्या वर्षाक नाय, तर मगे खंय?"

मी वही मिटली.

यादी लावताना दिसलं, अकरा जणांत किनाऱ्यावरचं एकही पोर नाही. मंडळाच्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, "ऐकूया की तिचं. बोलाव सोमवारी."

रविवारी तोंडवलीला पोचलो तर रापण चालूच होती.

"उभो काय रवलंस? दोरी धर!" तिचा बाप ओरडला.

शेवटची थोडी दोरी ओढली, त्यातही दोनदा वाळूत बसलो. बायका हसल्या. ती नाही हसली. मग मासळीचे वाटे पडले आणि एक माझ्यापुढे आला.

"मी तर आत्ता इलंय," मी म्हटलं.

"मगे काय झाला? दोरीक हात लायलंस मां?" बाप म्हणाला.

तिने खाली बघत बांगडे माझ्या पिशवीत भरले. मी सरांचा निरोप सांगितला.

"नको आता," ती म्हणाली.

आईला मी बांगडे बाजारातून आणल्याचं सांगितलं. सोमवारी दहापर्यंत कॉलेजच्या दाराशी थांबलो. ती आली नाही, आणि परीक्षेनंतर लग्न होऊन विजयदुर्गाला गेली. स्टेजवर ती काय म्हणून दाखवणार होती, तेवढंही मी विचारलं नव्हतं.