मामांनाही ऐकू येत होतं

सोलापूरच्या दवाखान्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी जागी झाले, पण अंग जागं झालं नाही. पापणी उचलेना, बोट हलेना. माझा श्वास दुसरंच कुणी छातीत भरत होतं आणि काढून घेत होतं. दुखत काही नव्हतं. आवाज दूर उन्हातून चालत आल्यासारखे सावकाश येत होते. मग भूल देणाऱ्या डॉक्टरबाई अगदी कानाशी म्हणाल्या, "ऐकू येत असेल तर घाबरू नका. मशीन श्वास देतंय. मी इथंच आहे. परत थोडं झोपवते."

आणि मी पुन्हा विरघळत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समजावलं. घशात नळी घालण्याआधी स्नायू सैल करायचं एक इंजेक्शन देतात. बहुतेकांच्या रक्तात ते काही मिनिटांत विरतं. काहींच्या रक्तात ते विरवणारा घटकच जन्मतः कमी असतो. "घरात आणखी कुणाला असं झालं होतं?"

तामलवाडीहून माझ्यासोबत आलेली आई चपापली. "माझ्या थोरल्या भावाला. अपेंडिक्सच्या वक्ताला दिवसभर हलला न्हाय. आमी म्हणलो, भैरोबानं परत धाडला."

डॉक्टरबाईंनी त्या इंजेक्शनचं नाव लिहून कार्ड दिलं आणि रक्ताच्या नात्यात सगळ्यांना सांगायला सांगितलं.

टाके सुकल्यावर आम्ही सोनारीला मामांकडं गेलो. मामांना हर्निया होता. कमरेला फडकं आवळून ते शेळ्यांमागं हिंडायचे, पण ऑपरेशनचं नाव काढू द्यायचे नाहीत. दुपार होती. पत्र्यावरून माकडं पळत होती, भैरोबाच्या मंदिराकडून घंटेचा आवाज तरंगत येत होता.

"मामा, तुम्हाला तेव्हा ऐकू येत होतं का?"

त्यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"मलाही येत होतं."

"दाराशी तुझी मामी रडत व्हती," ते हळूच म्हणाले. "मला म्हणायचं व्हतं, अगं, हाय मी. तोंडच उघडंना. नंतर एका डॉक्टरला बोललो, तर म्हणला, भुलीत सपान पडलं असंल. मग म्याबी सपानच धरून चाललो."

चहा घेऊन आलेली मामी उंबऱ्यातच थबकली. "इतकी वर्सं मला न्हाय सांगितलं?"

मामांनी मान खाली घातली. मामी चहा ठेवून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. मला एवढंच वाटत होतं, की त्या धूसर जागी मी एकटीच गेले नव्हते.

मी कार्ड दाखवून कारण सांगितलं, तेव्हा मामा तयार झाले. त्यांचं रक्त तपासलं. माझ्यासारखंच निघालं. सोलापुरात त्याच डॉक्टरबाईंनी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचाच भाग बधिर केला आणि हर्नियाचं ऑपरेशन झालं. मामा पूर्णवेळ जागे होते. त्यांनी म्हणे डॉक्टरबाईंना शेळ्यांच्या खोड्या सांगितल्या.

आता माझ्या लेकीचं रक्त तपासायचं आहे. ती सुईला भिते, म्हणून पुढच्या सुट्टीवर ढकललंय.