कोनाच्या उन्हातल्या कुरडया

मुख्य भूमीवरच्या बॉथेल गावाहून हवाईला येताना मी सगळ्याची तयारी केली होती. मुलीची शाळा, नवऱ्याच्या घरून कामासाठी इंटरनेट, खिडक्यांना जाळ्या, सामानाचा कंटेनर. एक गोष्ट मात्र लक्षातून सुटली. सोबत येणाऱ्या सासूबाई नागपूरच्या. त्यांना ऊन हवंच असतं, आणि आम्ही घर घेतलं बेटाच्या पूर्वेला, हिलोत. तिथे बाराही महिने पाऊस.

आल्या आल्या चपलांना बुरशी धरली. मीठ ओलं झालं, देवापुढची काडी पेटेना. हे सगळं त्यांनी सोसलं. पण हौसेनं गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून घातलेल्या कुरडया ओसरीत पंख्याखाली हिरव्या पडल्या. दुसऱ्या खेपेला मी ओव्हन वापरला, तर त्या तपकिरी झाल्या आणि तेलात टाकल्यावर तशाच राहिल्या.

"ज्या गावात कुरडई वाळत नाही, तिथं माणसानं कशाला राहावं?" सासूबाई म्हणाल्या. "दिवाळीआधी मला नागपूरला पाठवा."

नागपूरला त्या एकट्याच असणार होत्या. मागे न्हाणीघरात पडल्या, तेव्हा शेजाऱ्यांना दार तोडावं लागलं होतं. नवरा रोज समजावत होता. समजावणं मला जमत नाही, सोय करणं जमतं.

घाऊक सामान आणायला आम्ही अधूनमधून डोंगर ओलांडून पश्चिमेला, कोनाला जातो. एकदा गाडीच्या मागच्या काचेपाशी ओले टॉवेल विसरले. खरेदी करून परत येते तर ते पापडासारखे कडक! बेट एकच, पण पाऊस सगळा आमच्या बाजूला आणि ऊन सगळं पलीकडे. मी तिथेच उभ्या उभ्या पश्चिम किनाऱ्यावरची कॅम्पिंगची जागा शनिवार-रविवारसाठी बुक केली.

"यार, कुरडयांसाठी कॅम्पिंग?" नवरा म्हणाला.

"आईंसाठी. तू स्टोव्ह उचल."

चीक गरम असतानाच घालावा लागतो, म्हणून तो तिथेच शिजवायचा ठरला. सकाळी काळ्या लाव्हाच्या पठारावर आम्ही प्लास्टिक अंथरलं. सासूबाईंनी पाय टेकवला आणि झटकन उचलला.

"अरे बाप्पा! हे तर आपलं मे महिन्यातलं ऊन!"

मग त्यांनी पदर खोचला, आणि माझं नियोजन संपलं. सोऱ्या त्यांच्या हातात, पातेलं माझ्या, आणि नवऱ्याला नुसते हुकूम. शेजारच्या तंबूतल्या वयस्कर बाई, इथे अशा बायकांना सगळेच आंटी म्हणतात, त्या कुतूहलानं आल्या.

"नूडल्स?"

"नो नूडल्स. वेट. टुमारो ईट," सासूबाईंनी त्यांना बजावलं.

दुपारी वारा सुटला. वरून वाळलेल्या कुरडया प्लास्टिकसकट उचलल्या जाऊ लागल्या. दगड ठेवावे तर कुरडया मोडणार. सासूबाईंचा चेहरा उतरला. "झालं. इथंही नाही."

मी तंबू सोडवला, त्याची जाळी कुरडयांवर ताणली आणि कडेनं खुंट्या ठोकल्या. वारा अडला, ऊन पोचलं. एक कुरडई मात्र निसटलीच. तिच्यामागे मुलगी समुद्रापर्यंत धावली.

"आजी, आय गॉट इट!"

"चेपू नको पोरी, हलक्या हातानं आण!"

कुरडया रात्री गाडीत ठेवल्या, दुसऱ्या दिवशी उलटून पुन्हा उन्हात घातल्या. दुपारी सासूबाईंनी एक कानाशी नेऊन मोडली. कट्‌कन आवाज आला. मी तेल तापवलं. कुरडई आत पडली आणि कढईभर फुलली, पांढरीशुभ्र. आंटींनी तीन खाल्ल्या आणि चौथी नातवासाठी रुमालात बांधून घेतली.

परतताना घाटात सासूबाईंच्या भावाचा नागपूरहून फोन आला. कधी येतेस, म्हणून.

"येईन की, भेटायला येईन," त्या म्हणाल्या. "पण घर भाड्यानं देऊन टाक. चांगलं कुटुंब बघ, लहान मुलं असली तरी चालतील. आणि ऐक, इकडे कुणी येणार असेल तर तो पितळी सोऱ्या पाठव. हिच्या सोऱ्यात काही दम नाही."

नवऱ्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी फोन काढला आणि पुढच्या महिन्यासाठी तीच जागा बुक केली, यावेळी तीन दिवसांसाठी. पापडांना वेळ लागतो.