खालच्या विहिरीचं औषध

मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. त्या चौथीच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली, तेव्हा गुरुजींनी आम्हा सहा मुलींचं पथक केलं आणि मला पुढारी नेमलं. गावात विहिरी दोन. वरची आमची, खालची गावाबाहेरच्या वस्तीची. गुरुजींनी लाल औषधाच्या चार पुड्या दिल्या. दोन वर, दोन खाली, बादलीत कालवून सोडायच्या.

खालच्या विहिरीवर जाऊन आलं की घरी डोक्यावरून पाणी घ्यावं लागे. मी चारही पुड्या वरच्या विहिरीत सोडल्या. बाकीच्या पाचजणींना ते बरंच वाटलं. औषध जमिनीतून खाली झिरपेल असं मला वाटलं, असं मी पुढे सांगत असे. तसं काही वाटलं नव्हतं.

आमचं पाणी जांभळं झालं. चुलती म्हणाली, "पुढारीणबाई, भातबी रंगला तुमचा!"

गुरुजींनी वर्गात विचारलं, "दोन्ही झाल्या?"

"हो."

त्या वस्तीतली एकच मुलगी शाळेत होती, ओसरीवर बसायची. सुटल्यावर ती लांब उभी राहून म्हणाली, "आमचं पानी पांढरंच हाय."

"रंग उतरला आसंल."

"तुमचा न्हाई उतरला त्यो?"

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्या आईला जुलाब-उलट्या लागल्याचं कळलं. मी गुरुजींपुढे गेले आणि खरं ते सांगितलं. त्यांनी मारलं नाही. सायकल काढली. "वडगावहून औषध आणतो. मी येईपर्यंत खालच्या विहिरीतून कुणी थेंब भरता कामा नये. तू तिथं उभी राहा."

मी काठावर उभी राहिले. थोड्या वेळानं तीच मुलगी घागर घेऊन आली.

"सरक. आईला पानी पायजे."

"ह्ये न्हाई भरायचं. गुरुजींनी सांगितलंय."

"मग काय थुंकी पाजू?"

मी पळत घरी गेले, हंडा उचलला आणि वरच्या विहिरीवर भरला. तिथल्या बायका ओरडल्या. चुलती आडवी आली. "तितं गेलीस तर घरात पाय ठेवू नगंस!" मी गेले. तिच्या घागरीत वरून ओतलं. पाणी अजून गुलाबी होतं. तिनं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घागर उचलली. दिवेलागणीला गुरुजी आले तोवर वस्तीसाठी माझ्या अकरा खेपा झाल्या होत्या. घरी मार बसला आणि अंघोळही.

तिची आई उठून बसायला पंधरा दिवस लागले.

पुढच्या वेळी औषध सोडायचं झालं तेव्हा गुरुजींनी पुड्या पुन्हा माझ्याच हातात दिल्या. ती ओसरीवरून उठली आणि तिनं हात पुढे केला.

"आमच्या दोन हितं दे. मीच टाकीन."

मी दिल्या. तिच्या हाताला हात लागू नये म्हणून वरून सोडल्या. तेव्हाही.