कमलाकांतच्या आतड्याचा जोड

चिंचणीच्या किनाऱ्यावर कमलाकांतइतकं जाळं कुणाला कळत नसे, आणि हे सगळ्यांत आधी कमलाकांतला कळलेलं होतं. दुसऱ्याने विणलेलं जाळं समोर आलं की तो प्रथम एक गाठ नखाने ओढून पाही, मग विणणाऱ्याच्या घराण्याविषयी दोन शब्द बोले आणि मगच सुई हातात घेई. दुसऱ्याच्या कामातलं भोक पंचवीस पावलांवरून हेरणाऱ्या या माणसाने स्वतःचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, मात्र सहा वर्षं लंगोटात आवळून ठेवला होता. होडी ओढली की तो बाहेर येई, आडवं झालं की आत जाई. १९७८च्या फेब्रुवारीत तो बाहेर आला आणि परत जायला तयारच होईना.

दुपारपर्यंत कमलाकांत ओकून ओकून अर्धा झाला. बायकोने, जमनाने, त्याला मासळीच्या टेम्पोत बर्फाच्या पेट्यांशेजारी टाकलं आणि पालघर गाठलं. तिथल्या सर्जनांनी पोट उघडलं तर लहान आतड्याचा एक वेढा अडकून काळा पडलेला. दीड हात आतडं कापून काढलं, उरलेली दोन तोंडं एकमेकांना शिवली आणि पोट बंद केलं.

पाचव्या दिवशी पेशंटने डॉक्टरांना विचारलं, की दीड हात गेलं ते ठीक, पण एकूण होतं किती? डॉक्टर म्हणाले, वीसेक फूट. कमलाकांतने झोपल्या झोपल्या दोन्ही हात पसरून हवेत मापलं.

"साडेतीन वाव," तो म्हणाला. "मंग आत गुंतत कसं नाय?"

दहा वर्षांत हा प्रश्न एकाही पेशंटने विचारला नव्हता. डॉक्टर खूश होऊन केसपेपरच्या पाठीवर चित्र काढू लागले. जठराखालचा पहिला वीतभर भाग पाठीला चिकटलेला. त्यापुढचं सगळं आतडं एका पातळ पडद्याला लोंबतं. त्याला रक्त पोचवणाऱ्या नसा त्या पडद्यातूनच येतात. पडद्याची पाठीकडची कड वीतभरसुद्धा नाही आणि दुसरी कड आतड्याइतकी लांब.

"आखूड दोरीला लांब जाळं चुण्या घालून बांदतात, तसं," कमलाकांत म्हणाला.

कॉलेजात हे डॉक्टरांना स्वतःला कळायला एक पावसाळा लागला होता. मग त्यांनी सांगितलं, की वरचं आतडं रुंद, जाड, आतून दाट घड्यांचं, त्या घड्यांवर मखमलीसारखी लव, अन्नातला कस शोषून घेते ती ही लव. खाली जावं तसं आतडं अरुंद आणि पातळ. कमलाकांतने मान डोलावली. डोलजाळं असंच असतं, तोंडाशी ऐसपैस, शेपटीला निमुळतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डाला कळलं, की देवाला विणकाम येतं आणि ते तो चिंचणीत शिकला असावा.

घोटाळा झाला तो सुटी मिळण्याच्या दिवशी. जाता जाता कमलाकांतने धागा कुठला वापरला ते विचारलं. डॉक्टर म्हणाले, मेंढीच्या आतड्यापासून केलेला. काढावा लागत नाही, काही आठवड्यांत आपोआप विरघळतो.

कमलाकांत तिथेच बाकावर बसला. धागा गेला की गाठ गेली आणि गाठ गेली की जाळं गेलं, यावर तो तीस वर्षं भाकरी खात आला होता.

घरी आल्यावर त्याने भाकरी सोडली. महिन्याने सगळं खा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण महिन्याने धागा विरणार, म्हणून याने पेज आणखीच पातळ केली. मे महिना आला तरी पेजच. जमना बोंबील भाजायची तेव्हा हा भिंतीकडे तोंड करून बसायचा.

"धागा नाय तर पेज कशी थांबते?" ती एकदा म्हणाली. "पयली तीच गळली असती ना?"

यावर कमलाकांतने पेजेत आणखी तांब्याभर पाणी ओतलं.

त्याच्या गाठी मात्र आता सैल पडू लागल्या. ओढायला हातात जोरच उरला नव्हता. रामू तांडेलने दुरुस्तीला दिलेलं आपलं जाळं बघायला घेतलं, एक गाठ नखाने ओढली, ती सरकली. रामू काहीच बोलला नाही. घराण्याविषयीसुद्धा नाही. जाळं गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि तारापूरच्या विणणाऱ्याकडे घेऊन गेला. कमलाकांत रिकाम्या ओट्यावर सुई धरून बसून राहिला.

ते जमनाला बघवलं नाही. मासळी द्यायला गेली तेव्हा तिने सगळी हकीकत वाडीवाल्या नरहरीला सांगितली. नरहरीला चिकूची कलमं बांधायचा नाद होता आणि शिकवायचा त्याहून मोठा. वटवाघळांपासून चिकू राखायला जाळं हवंय, असा निरोप धाडून त्याने कमलाकांतला वाडीत बोलावलं आणि एका कलमापुढे उभं केलं.

"दोन वर्सांमागं केळीच्या सोपटानं बांदलेलं. सोपट दाखव बरं."

सालीचं ते सोपट कुठेच नव्हतं. कुजून गेलं होतं. खोडावर नुसती एक फुगीर कडी होती. कमलाकांतने ती सवयीने नखाने ओढून पाहिली.

"मंग धरलंय कशानं?"

"खोड नि फांदी हलू नयेत म्हणून बांदायचं रे. फुडं ती आपसूक एक होतात. तुजं जाळं मेलेलं, कमलाकांत. हे जितं हाय."

कमलाकांतचा शब्दांवर कधीच विश्वास नव्हता. त्याने खोडाला पाय लावला, फांदी दोन्ही हातांनी धरली आणि नरहरी नको नको म्हणेपर्यंत उरलासुरला जोर लावून ओढली. काडकन आवाज झाला. फांदी त्याच्या हातात आली होती. पण मोडली होती ती जोडाच्या वर, चांगली वीतभर. जोड होता तसाच होता.

नरहरीने फांदी त्याच्या हातातून हिसकावली. कमलाकांतने जोडाकडे पाहिलं, मग सदरा वर करून आपल्या पोटाकडे पाहिलं आणि माफी मागायचं विसरून तरातरा घरी गेला.

जमनाने चार बोंबील भाजले. तांदळाच्या दोन भाकऱ्यांबरोबर ते त्याने काट्यासकट, सावकाश चावून खाल्ले आणि पोटावर हात ठेवून बसला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जे व्हायचं ते वेळेवर झालं, आणि त्याची बातमी सात घरांपर्यंत गेली.

वटवाघळांचं जाळं त्याने महिन्याभरात फुकट विणून दिलं. नरहरीने ते घेतलं, अंगणात पसरलं आणि एक गाठ नखाने ओढून पाहिली. ती हलली नाही.