खिरापतीचं झाकण

सुनेने शहरातले कार्यक्रम शोधायचं अ‍ॅप बनवायला घेतलं, तेव्हा मीच म्हटलं, "अगं, आपला भोंडलाही टाक की त्यात." वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत इतकी वर्षं मीच तो धरून ठेवलाय. पण हल्ली बायकाच जमेनात. गेल्या वर्षी तर हत्तीच्या पाटाभोवती फेरसुद्धा पुरा झाला नाही.

तिने मन लावून विचारलं, मीही भरभरून सांगितलं. गाणी झाली की झाकलेल्या डब्यात कुठली खिरापत आहे ते ओळखायचं, ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हेही सांगितलं. "मग यंदा काय करताय, आई?" तिने विचारलं. मी कानात सांगितलं, पाटवड्या.

भोंडल्याला आवार भरलं हो! मला काय आनंद झाला! गाणी संपली तशी मी डबा उचलला. "ओळखा पाहू, तिखट की गोड?"

एक मुलगी म्हणाली, "काकू, पाटवड्या. अ‍ॅपवर आहे ना." दुसरी हसली, "मी तर त्यासाठीच आलेय!"

मी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, मेन्यू भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही त्यात." आणि ते अ‍ॅप बनवलं कुणी, बाई?

पाटवड्या संपल्या, तशा बायकाही पांगल्या. सून खूश आहे, पुढच्या वर्षी आणखी येतील म्हणते. येऊ देत. डबा उघडाच ठेवीन. झाकण घालायचं तरी कशाला?