जिप्शियन आजीचं गोत्र

इंदूरहून सुटलेल्या बसमध्ये माझ्या मांडीवर दोन पोती आणि एक आजोबा होते, तरी उज्जैनला मी उतरलो तो उड्या मारतच. फ्रीगंजच्या मामीने दारातच पोहे दिले. वर इतकी सेव (तिखट शेव), की खालचे पोहे शोधायला कंदील लागावा. घरात नुकतंच केबल आलं होतं. पडद्यावर कुणीही परदेशी मुलगी दिसली की मामी विचारायची, "तिशी उलटली, आता अशी आणतोस का?"

दुपारी राम घाटावर खरोखरच एक भेटली. एलिस, इंग्लंडची. हातात तांब्या, चेहरा कावराबावरा. जुन्या इंग्रजीत तिच्या लोकांना 'जिप्शियन' म्हणत, म्हणजे इजिप्तहून आलेले. तेच झिजून 'जिप्सी' झालं आणि शिवीसारखंही वापरलं गेलं. इजिप्तशी संबंध शून्य. पूर्वज निघाले होते ते हिंदुस्थानातून. आजीने मरताना सांगितलं होतं, मला तिथलं पाणी दे.

हा घाट जवळजवळ माझ्याच मालकीचा आहे असं सांगून मी तिला पंडाजींपुढे (घाटावरचे पुरोहित) बसवलं.

"गोत्र बोलो, बिटिया."

मी अर्थ सांगितला. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे लोकांनी दिलेलं 'जिप्शियन' तेवढं आहे. त्यावर आजीला पाणी मिळेल?"

तिने तांब्या पंडाजींपुढे केला. तो धरायला मी इतक्या घाईने वाकलो, की चप्पल निसटून शिप्रेतून थेट चंबळेकडे रवाना झाली.

पंडाजींनी मान हलवली. "वो तो औरों का रखा नाम है. जिसे पता नहीं, उसका काश्यप."

मंत्र सुरू झाले, ओंजळीतून पाणी पडलं. एलिस रडली, मग हसली. तोवर मी मनात मांडव घालून श्रीखंडापर्यंत पोचलो होतो. तिने सहज विचारलं, तुमचं गोत्र कोणतं?

"काश्यप," मी म्हणालो. एका चपलेवर उभा राहून.

फ्रीगंजला हे ऐकून मामी पोट धरून हसली. "सगोत्र म्हणजे बहीण लागली ना रे. बुला उसको, जेवून जाऊ दे." एलिसने पोटभर पोळ्या खाल्ल्या आणि निघताना मामीने शिकवलं तसं माझ्या कपाळावर कुंकू लावलं, नाकापर्यंत.

परतीच्या बसमध्ये वाटलं, इंग्रजांनी यांना नाव देताना अख्खा खंड चुकवला. पंडाजींनी डोळे मिटून दिलेलं मात्र तिला अंगाबरोबर बसलं. माझं नुकसान झालं ते झालं.

घरी पोचताच आईला सांगितलं, उज्जैनला इंग्लंडची एक मुलगी भेटली. चहा गाळता गाळता तिने एवढंच विचारलं, "गोत्र?"