एकतीस नंबरची पिन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. दोन हजार सालच्या आसपास नांदगावहून नाशिकला इंजिनिअरिंगला आलो, खोली घेऊन एकटाच राहिलो. मार्क भरपूर होते. मित्र? एकही नाही. तोऱ्यात राहणाऱ्याच्या खोलीवर कोण येतं?

दत्तू आला. माझ्याच वर्गातला, घोटीहून एसटीनं ये-जा करणारा. मायक्रोकंट्रोलरचं बोर्ड टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. आठ एलईडी एकापाठोपाठ एक लागायला हवे होते, एकही लागत नव्हता. प्रोग्राम त्यानं चारदा तपासला होता. मी बोर्ड उलटं केलं आणि लगेच कळलं — चिपची एकतीस नंबरची पिन पाच व्होल्टला जोडायची राहिली होती. ती मोकळी राहिली की चिप आतला प्रोग्राम वाचतच नाही. एक इंच वायर, सोल्डरचे दोन डाग. एवढंच काम.

मग सांगितलं का नाही?

मी ती पिन आणि शेजारची पाच व्होल्टची तार, दोन्हींवर मिळून बोट टेकवलं — ओलसर बोटातून तेवढ्यापुरती जोडणी होते — आणि रिसेट दाबलं. दिवे धावायला लागले. बोट कशाला, त्यानं विचारलं. चिप तापलीय का बघतो, म्हणालो.

"गड्या, तुझ्या हाताला गुण हाय."

दुसऱ्या दिवशी बोर्ड पुन्हा बंद. तो पुन्हा आला, डब्यात माझ्यासाठी तांदळाची भाकरी घेऊन. मग रोजच. बोर्ड पाच मिनिटांत चालायचं, गप्पा शेवटच्या एसटीपर्यंत. उद्या ते बंदच असणार, मला माहीत असायचं. आणि — लिहायला लाज वाटते — बरं वाटायचं.

परीक्षेआधी सांगू, असं ठरवलं होतं. पण सांगितलं, तर इतके दिवस काय केलं तेही उघड झालं असतं.

प्रॅक्टिकलला तो तेच बोर्ड घेऊन तीन टेबलं पलीकडं होता. दिवे बंद. मुळात बरोबर असलेला प्रोग्राम तो एकेक ओळ खोडून बदलत होता. एकदा त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. बोलायला मनाई होती, खरंय. आदल्या संध्याकाळी नव्हती.

तो नापास झाला. घरचे पुन्हा पाठवणार नव्हते; घोटीतच भातगिरणीत कामाला लागला. जाण्याआधी बोर्ड घेऊन खोलीवर आला.

"तुझ्यापाशीच चालतं हे. ठेव तुला."

तो गेल्यावर मी वायर जोडली. बोट न लावता दिवे धावले — एक ते आठ, पुन्हा एक. बघत बसलो. शेवटची एसटी निघून गेली असेल, तरी बघतच होतो.

मी अजून नाशिकलाच राहतो. घोटी इथून तासाभरावर आहे. मी कधी गेलो नाही.